पुलाला नाली कमी पडली

मंदीत माणूस आधी काय सोडतो, यावर विद्वानांचं एकमत नाही. कोणी म्हणतं चैन सोडतो, कोणी म्हणतं आशा सोडतो. बटणसाहेबांच्या मते माणूस आधी बटण सोडतो. पूर्वी शर्टाचं एक बटण तुटलं तर लोक अख्खा नवा संच घ्यायचे. आता त्या जागी नुसता हात धरून चालायचे. सगळं शहर पोटाशी हात धरून चालायला लागलं आणि बटणांचा कारखाना बंद पडला. बघणाऱ्याला वाटायचं, लोक भुकेले आहेत. तसे ते होतेही, पण तो वेगळा मुद्दा झाला.

बटणसाहेब त्या कारखान्यात तपासनीस होते. समोरच्या पट्ट्यावरून बटणं सरकत यायची, चार भोकं आपापल्या चार जागी आहेत की नाहीत ते बघायचं आणि पास किंवा नापास म्हणायचं, एवढंच काम. पण साऱ्या नोकरीत त्यांनी एक वाईट बटण पास केलं नव्हतं की एक चांगलं बटण नापास केलं नव्हतं. या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता, तेवढाच त्यांच्या बायकोला कंटाळा होता. कारण घरी ते बटाट्याच्या फोडीही तशाच तपासून ताटात घ्यायचे.

गल्ली आणि मोठा रस्ता यांच्यामध्ये दोन हात रुंदीची एक नाली होती आणि नालीला लागून गल्लीतलं पहिलं घर बटणसाहेबांचं. रोज सकाळी ते कोट घालून ही नाली एका ढांगेत ओलांडायचे. नोकरी गेल्यावरही त्यांनी हा क्रम मोडला नाही. कोट घालायचा, नाली ओलांडायची, काम शोधायचं, परत यायचं. मात्र नोकरीवर जाणाऱ्या माणसाच्या पायात जो एक जोर असतो तो काम शोधणाऱ्याच्या पायात राहत नाही, आणि एके दिवशी भर सकाळी बटणसाहेबांचा अंदाज चुकला.

ते नालीत उभेच्या उभे उतरले. पडले नाहीत, उतरले. हा फरक त्यांनी नंतर पुष्कळांना समजावून सांगितला. समोरच्या ओट्यावर शिंपी, फोटोग्राफर आणि बँडमधला ढोलवाला असे तिघेही रिकामे बसलेले होते. शिंप्याने तिथूनच सांगितलं की पँटचा गुडघा रफू होईल. फोटोग्राफर म्हणाला, उजेड फार सुंदर पडलाय, परत एकदा उतरता का. ढोलवाल्याने मांडीवर बोटांनी एक छोटासा ठेका वाजवला, आणि तो बटणसाहेबांना सगळ्यात जास्त लागला.

त्याच संध्याकाळी मेहुणा हजर झाला. हा बायकोचा थोरला भाऊ. त्याचं साबणाचं दुकान होतं आणि मंदीतही बरं चाललं होतं, निदान तो तसं सांगायचा. खुर्चीत रेलून तो म्हणाला, "भावजी, किती दिवस असं नाल्यांतून फिरणार? वखारीवरची खोली रिकामी आहे. चला सगळे. दुकानात तुमच्यासाठी स्टूल ठेवतो. गल्ल्यावर नाही हं, वड्या बांधायला."

बायको गप्प राहिली, म्हणजे तिला हे पटत होतं. सासूबाई मात्र बोलल्या. त्या मेहुण्याच्या सख्ख्या आई, पण राहायच्या लेकीकडे, आणि का राहायच्या हे त्या कोणालाही सांगायच्या. "त्या घरात पाणी प्यायलं तरी तोंडाला फेस येतो," त्या म्हणाल्या. "मी मेले तरी इथेच मरेन."

मेहुणा म्हणाला की थंडी पडली की तो गाडी घेऊन येईल. सामान बांधून ठेवा.

बटणसाहेबांनी त्या क्षणी दोन गोष्टी ठरवल्या. एक, काय वाटेल ते झालं तरी साबणाच्या वड्या बांधायच्या नाहीत. दोन, नालीवर एक फळी टाकून घ्यायची. दुसरी गोष्ट सोपी होती म्हणून त्यांनी तिच्यापासून सुरुवात केली.

सरकारने त्या सुमारास मदत आणि सुधारणा अशी एक मोठी योजना काढली होती. ज्या गल्लीने लोकोपयोगी काम सुचवायचं, त्याच गल्लीतल्या बेकारांना त्या कामावर घ्यायचं, आणि सुचवणाऱ्याला मुकादम करायचं. योजनेची कचेरी एका बुडालेल्या बँकेत होती. तीच संगमरवरी फरशी, तेच पितळी गज. ज्यांचे पैसे त्या बँकेत बुडाले होते, ते आता त्याच खिडक्यांपुढे मदतीसाठी उभे राहायचे, आणि सवयीने हळू आवाजात बोलायचे.

आत दोन खिडक्या चालू होत्या. एकीत मदतवाले साहेब बसायचे, दुसरीत सुधारणावाल्या बाई. मदतवाल्या साहेबांना वाटायचं, कामावर जास्तीत जास्त माणसं लागावीत आणि काम जास्तीत जास्त दिवस चालावं. सुधारणावाल्या बाईंना वाटायचं, काम चोख व्हावं आणि एकदाचं पुरं व्हावं. दोघांचे पगार एकाच योजनेतून निघत आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत.

बटणसाहेबांनी साहेबांना सांगितलं की आमच्या नालीवर एक फळी पाहिजे.

साहेबांनी त्यांच्याकडे फार दयेने पाहिलं. फळी एक माणूस टाकतो, म्हणाले. दुपारच्या जेवणाआधी टाकून मोकळा होतो. त्यात मदत कुठे आली? पूल मागा.

बटणसाहेब म्हणाले, बरं, पूल द्या.

मग शेजारच्या खिडकीतून सुधारणावाल्या बाई बोलल्या, साहेबांशी नव्हे, छताशी. वीस हातांपेक्षा आखूड पुलाला योजनेत पूल म्हणत नाहीत. नाली किती रुंद आहे?

"दोन हात," बटणसाहेब म्हणाले.

बटणसाहेब निघायला वळले. पण साहेबांनी गजांतून हात बाहेर काढून त्यांची बाही धरली. त्यांच्या चेहऱ्यावर एक तेज आलं होतं. "म्हणजे पुलाला नाली कमी पडतेय," ते म्हणाले. "नाली रुंद का करत नाही?"

बाईंनी छताला सांगितलं की रुंद नाली ही सुधारणाच आहे. साहेब टेबलाला म्हणाले की खोदायला पुष्कळ माणसं लागतील. योजना सुरू झाल्यापासून दोन्ही खिडक्यांचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, आणि फळी मागायला गेलेले बटणसाहेब अठरा हात खड्डा, वीस हात पूल आणि मुकादमाचा पितळी बिल्ला घेऊन घरी आले.

गल्लीत आनंदीआनंद झाला. शिंपी, फोटोग्राफर, ढोलवाला यांच्यासकट गल्लीतले सगळे रिकामे हात एका सकाळी कामाचे झाले. खोदकाम हिवाळाभर पुरेल असा साहेबांचा हिशेब होता. पुलाचं बांधकाम मात्र खास गवंड्यांकडे होतं आणि ते थंडी सरल्यावर येणार होते. तोपर्यंत गल्लीच्या चुली खड्ड्यावर चालणार होत्या.

आता हे अठरा हात आणायचे कुठून, एवढा एकच प्रश्न उरला होता. पलीकडे मोठा रस्ता, आणि रस्ता दुसऱ्या खात्याचा. एका खात्याच्या कुदळीने दुसऱ्या खात्याच्या रस्त्याला शिवायचं नाही असा नियम होता. उरली अलीकडची बाजू. शिंप्याने टेप लावला. नालीच्या काठापासून मोजत मोजत तो बटणसाहेबांचं अंगण ओलांडून, पायऱ्या चढून, दारातून आत आला आणि बैठकीच्या मागच्या भिंतीपाशी थांबला.

"इथवर," तो म्हणाला. "शिवणीला दोन बोटं जास्त धरलीत."

बैठकीत तेव्हा बायको आणि सासूबाई बसल्या होत्या. बायकोने विचारलं, कशाचं माप घेताय? शिंपी खरोखरच सज्जन माणूस, तो म्हणाला, तुमचे हे सांगतील. आणि निघून गेला.

बटणसाहेबांनी सांगितलं. नुकसानभरपाई मिळणार आहे असंही सांगितलं. कधी, असं तिने विचारल्यावर, मंदी संपल्यावर, असंही सांगितलं.

"अहो, तुम्ही फळी आणायला गेला होतात," बायको म्हणाली.

बटणसाहेबांनी कोटाचं टोक धरून बिल्ला पुसला. बैठक गेली तरी मधली खोली आहे, स्वयंपाकघर आहे, ते म्हणाले. पण काम गेलं तर स्टूल आहे. स्टूल हा शब्द त्यांनी असा उच्चारला की सासूबाईंनी पदर खोचला आणि स्वतःच्या हाताने बैठकीतली घड्याळाची खुंटी उपटली. घरातला तोच पहिला घाव.

मेहुणा बघायला आला तेव्हा बैठकीच्या जागी आकाश होतं. त्याने उरलेल्या खोल्या मोजल्या. मग म्हणाला की आता तीनच्या जागी दोन खोल्यांचं सामान, म्हणजे गाडीची एक फेरी वाचली. असा तो हिशेबी.

खोदकामाचे पहिले दिवस फार वाईट गेले. गल्लीत कुदळ कशी धरायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शिंपी माती उकरण्याआधी तिच्यावर खडूने रेघ मारायचा. फोटोग्राफर घाव घालताना मधेच थांबून समोरच्याला म्हणायचा, जरा हनुवटी वर. ढोलवाला एकटाच मन लावून खणायचा, पण तो ठेक्यात खणायचा आणि ठेका चुकला की पहिल्यापासून सुरू करायचा.

बटणसाहेब काठावर उभे राहून हे सगळं बघत आणि आतून झिजत. बटणाच्या चार भोकांवर ज्याने उमर काढली, त्याला वाकडातिकडा खड्डा बघवत नाही. खड्ड्याच्या भिंती कुठे फुगलेल्या, कुठे खपाटीला गेलेल्या. ते ओळंबा घेऊन खाली उतरायचे, भिंतीला दोरी लावायचे आणि म्हणायचे, "नापास." माणसं पुन्हा तासायची. पुन्हा ओळंबा. पुन्हा नापास. एकदा शिंप्याने विनवलं की साहेब, ही भिंत आहे, हिला कुठे कोणाच्या लग्नाला जायचंय. बटणसाहेब म्हणाले, सरकारने आपल्यावर विश्वास टाकलाय. यावर शिंप्याला गप्प बसावं लागलं, कारण त्याच्यावर इतका विश्वास पूर्वी कोणी टाकला नव्हता. गिऱ्हाइकंसुद्धा कापड मोजून द्यायची.

मग बटणसाहेबांना एक कल्पना सुचली, आणि सगळा घात तिथेच झाला.

त्यांनी ढोलवाल्याच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि त्याला घरून ढोल आणायला सांगितला. कारखान्यात पट्टा एका गतीने फिरायचा म्हणून तर माणसं एका गतीने कामं करायची. इथे पट्टा नाही तर ढोल. ढोलवाल्याला महिनोन्महिने वाजवायला मिळालं नव्हतं. त्याने काठावर बसून असा ठेका धरला की फोटोग्राफरची कुदळ आपोआप वर जाऊन आपोआप खाली यायला लागली. शिंप्याचा खडू खिशात राहिला. माती उडायला लागली. रस्त्यावरून जाणारे लोक, पोटाशी धरलेला हात सोडून, टाळ्या वाजवायला थांबले. माणसं घरी गेल्यावर झोपेतही कुदळ उचलतात अशी बायकांची तक्रार आली. बटणसाहेब काठावरून ओळंबा सोडत आणि म्हणत, पास. पास. पास.

आणि एका दुपारी ढोल थांबला. वाजवणारा थकला म्हणून नव्हे. खणायला काही उरलंच नव्हतं.

खड्डा देखणा झाला होता. वीस हात रुंद, काठ सुरीने कापल्यासारखे, भिंती ओळंब्यात. तळाशी, रस्त्याकडच्या कडेला, ती मूळची नाली, मोठ्या ताटात सांडलेल्या पाण्यासारखी, ओशाळून वाहत होती. माणसं काठावर उभी राहून आपलं काम बघत होती. कोणीतरी हसलं, कोणीतरी कोणाच्या पाठीवर थाप मारली. मग फोटोग्राफरने विचारलं, उद्या काय करायचं?

थंडी नुकती कुठे सुरू होत होती.

बटणसाहेब कचेरीत गेले. मदतवाल्या साहेबांनी बातमी ऐकली आणि डोकं गजांना टेकवलं. हिवाळाभराची मदत तुम्ही संपवून टाकलीत, ते म्हणाले. काम पुरं म्हणजे टोळी बरखास्त. नवं काम थंडी सरल्यावर, कारण तोवर बाकीच्या गल्ल्यांचे नंबर आहेत. "इतर मुकादम बघा. एकाने आठवडाभरात एक खड्डा खणला, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यातच पडला. अशी माणसं असतात म्हणून योजना चालते."

सुधारणावाल्या बाईंनी मात्र छताकडे बघत बटणसाहेबांचं अभिनंदन केलं. त्या स्वतः काम बघून आल्या होत्या. असा सरळ खड्डा त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

साहेब मग खिडकीतून पुढे वाकले आणि आवाज उतरवून म्हणाले, एक वाट आहे. पहिली तपासणी मुकादमाची असते. मुकादमाने काम नापास केलं तर दुरुस्तीसाठी टोळी राहते. हिवाळाभर राहील. एक शब्द तर लिहायचाय.

"पण ते पास आहे," बटणसाहेब म्हणाले.

"अहो, बटण थोडंच आहे ते."

"दुसऱ्या तपासणीला मी येणार," बाई छताला म्हणाल्या. "ओळंबा घेऊन. खोटं नापास चालणार नाही. खरी चूक दाखवावी लागेल."

बटणसाहेब परत आले. खड्ड्याच्या काठावर सगळी टोळी बसली होती. कोणीतरी आधीच कचेरीतून बातमी आणली असावी, कारण सगळे त्यांच्याकडे असे बघत होते जसे आजाऱ्याच्या घरचे लोक डॉक्टरकडे बघतात. ढोलवाल्याच्या घरात खाणारी तोंडं बरीच होती आणि तो ढोलावर हात ठेवून खाली बघत बसला होता. आपण वाजवलं म्हणून झालं असं त्याला वाटत होतं. बटणसाहेबांना कळत होतं की वाजवायला कोणी लावलं.

बटणसाहेबांनी कोट काढून शिंप्याकडे दिला आणि ओळंबा घेऊन ते खाली उतरले.

गल्लीच्या इतिहासात चुकीसाठी इतकी प्रार्थना कोणी केली नसेल. बटणसाहेब भिंतीला दोरी लावायचे आणि वर वीसबावीस माणसं श्वास रोखून धरायची. दोरी सरळ. पुढे सरकायचे. सरळ. शिंप्याने वरून सुचवलं की त्या कोपऱ्यात मी तासत होतो, तिथे नक्की काहीतरी असेल, माझा हात वाईट आहे. बटणसाहेबांनी कोपरा पाहिला. कोपरा उत्तम होता. शिंपी अगदी खजील झाला. फोटोग्राफर म्हणाला, तळ बघा साहेब, मी नेहमी तिरकं बघतो. तळ पाण्यासारखा सपाट होता. एकेकाने आपापल्या चुका आठवून आठवून सांगितल्या आणि बटणसाहेबांनी एकेक तपासून त्या माणसाला निर्दोष ठरवलं. निर्दोष ठरलेला माणूस मान खाली घालून बाजूला व्हायचा.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ते शेवटच्या भिंतीपाशी आले. ही भिंत त्यांच्या स्वतःच्या घराखालची. वर मधली खोली होती, तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि खिडकीत बायको आणि सासूबाई. त्यांनी दोरी सोडली. लोखंडी गोळा थोडा झुलला आणि भिंतीला न टेकता, न दुरावता, स्थिर झाला. अशी सरळ रेषा कारखान्याच्या मशीनलाही जमली नसती.

तेवढ्यात मूठभर माती भिंतीतून सुटून त्यांच्या बुटावर पडली.

बटणसाहेबांनी बुटाकडे पाहिलं. मग भिंतीकडे. त्यांनी तळहात भिंतीला लावला, आणि आणखी एक मूठ सुटली. हात तसाच भिंतीला ठेवून ते उभे राहिले. वर माणसांना वाटलं, ते पास म्हणायची हिंमत गोळा करताहेत.

खरं तर ते त्या वेळी एक साधी गोष्ट मनातल्या मनात दोनदोनदा तपासत होते. बटण सरळ असतं कारण त्याला कुठे उभं राहायचं नसतं. मातीला उभं राहायचं असतं. सरळ कापलेली माती पहिल्या जोराच्या पावसात बसणार, तिच्यावर जे काही असेल ते घेऊन. तिला उतार पाहिजे, चांगला ऐसपैस उतार, दोन्ही काठांना. पलीकडचा उतार रस्त्याच्या अलीकडे कसाबसा बसेल. इकडचा उतार काढायचा तर मधली खोली जाईल आणि स्वयंपाकघरही जाईल. म्हणजे घर जाईल.

हे बोललं नाही तर घर निदान पावसापर्यंत राहील आणि टोळी उद्याच घरी बसेल. बोललं तर टोळी राहील आणि घर जाईल. घर गेलं की मेहुण्याच्या वखारीवरची खोली, मग त्याचं दुकान, दुकानात ते स्टूल. बटणसाहेबांच्या डोळ्यांपुढे स्टूल अगदी स्पष्ट उभं राहिलं. त्याचा एक पाय आखूडही असेल.

त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं.

"भिंत सरळ आहे," ते मोठ्याने म्हणाले.

वर कोणीतरी उसासा टाकला.

"सरळ आहे म्हणूनच नापास. सगळ्याच नापास. पहिल्यापासून चुकलंय, आणि चूक माझी आहे. उतार काढायला पाहिजे होता. हिवाळाभर पुरेल."

गल्लीने काही क्षण विश्वासच ठेवला नाही. मग शिंपी खाली उतरला आणि त्याने स्वतःच्या हाताने बटणसाहेबांना कोट घातला. त्याने उताराचं माप काढायला टेप वर नेला, खिडकीपर्यंत आला, आत बघितलं, आणि काय मोजतोय ते लक्षात आल्यावर टेप गुंडाळून खिशात घातला. तेव्हा खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला की जावईबापू, चूल कधी हलवायची तेवढं आधी सांगा, कारण माझी डाळ शिजायचीय.

बायको बाहेर आली. तिच्या हातात अजून पळी होती. ती काठावर येऊन उभी राहिली आणि खाली नवऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "खोटं नापास केलं असतंत तर बोलले असते. आता काय बोलू?"

दुसऱ्या दिवशी बाई ओळंबा घेऊन आल्या, मूठभर माती त्यांच्याही बुटावर पडली, आणि त्यांनी आकाशाकडे बघून नापास कायम केलं. खिशात बूट पुसायला फडकं नव्हतं म्हणून की काय, त्या बराच वेळ घुटमळल्या. घर जाणार हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी आकाशालाच सांगितलं की एवढ्या मोठ्या कामाला जागेवर राहणारा मुकादम लागतो. कामाची चौकी बांधायला परवानगी आहे. रस्त्याच्या कडेला बांधली तरी चालते, कारण चौकी तात्पुरती असते आणि तात्पुरत्या गोष्टीला खातं लागत नाही.

बटणसाहेबांनी विचारलं, तात्पुरती म्हणजे किती दिवस?

"काम पुरं होईपर्यंत."

आणि काम पुरं झालंय की नाही हे आधी कोण तपासणार?

बाईंनी पहिल्यांदाच छत, आकाश वगैरे सोडून सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "मुकादम," त्या म्हणाल्या.

टोळीने चौकी अशी बांधली की तिला दोन खोल्या, एक ओसरी आणि सासूबाईंसाठी दक्षिणेकडची खिडकी आली. भिंतींना लागलेल्या विटा सगळ्या मधल्या खोलीच्या होत्या, त्यामुळे खिळे जुन्याच जागी सापडले.

ठरल्याप्रमाणे थंडी पडल्यावर मेहुणा गाडी घेऊन आला. मोठ्या रस्त्याने आला आणि खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर, चौकीच्या शेजारी थांबला. समोर, अलीकडच्या काठावर, स्वयंपाकघराच्या उरलेल्या भिंतीपाशी सामान बांधून ठेवलेलं त्याला दिसलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने गाडीची फळी खाली पाडली, दोर सोडले आणि हाक मारली, "भावजी, बघा, मी म्हटलं होतं ना? आणा सामान."

सामान यायला लागलं. ढोलवाल्याने ठेका धरला आणि टोळी एका रांगेत ट्रंका, गाद्या, पातेली, खुर्च्या घेऊन खड्ड्यात उतरली, तळावरून चालली आणि पलीकडे चढली. मेहुण्याने हात पुढे केले. रांग त्याच्या हातांपुढून, गाडीच्या चाकांपुढून, त्याच्याकडे एकदाही न बघता सरळ चौकीत गेली. परत रिकामी आली. पुन्हा सामान घेऊन गेली. त्याने दोन खेपा नुसते हात पुढे धरले. तिसऱ्या खेपेला खाली घेतले. मग त्याने चौकीच्या खिडकीत पाहिलं तर तिथे त्याची आई बसलेली होती आणि खुशाल लोकर विणत होती.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं.

बटणसाहेब बिल्ला लावून काठावर उभे होते. ते म्हणाले की मुकादमाला कामाच्या जागी राहावं लागतं, नियम आहे.

"आणि पूल? पूल कधी होणार?"

"घाई नाही," बटणसाहेब म्हणाले. "उतार चोख झाल्याशिवाय मी पास करणार नाही."

मेहुणा गाडीच्या फळीवर बसला. त्याने आपल्या रिकाम्या गाडीकडे पाहिलं आणि मग रांगेकडे, ज्यात गल्लीतले सगळे लोक तालावर चालत होते आणि शिंपी तर शिट्टीही वाजवत होता. खूप वेळाने तो बटणसाहेबांजवळ आला आणि दुसरीकडे बघत म्हणाला की साबणसुद्धा आता कोणी घेत नाही भावजी, लोक नुसतं पाणी ओतून घेतात. दुकान बंद होऊन दोन हप्ते झालेत. घरी नुसता बसून असतो. मला वाटलं, तुम्ही सगळे आलात तर निदान घर भरल्यासारखं वाटेल.

बटणसाहेबांनी नेहमी करत तेच केलं. मेहुण्याचे हात हातात घेतले, उलटेपालटे करून तपासले. तळहात मऊ होते, साबणाने पांढरे पडलेले.

"कपाट राहिलंय," ते म्हणाले. "चौघं लागतात, तिघं आहेत. बूट काढा आणि उतरा."

मेहुण्याने बूट काढले. तो खड्ड्यात उतरला, गल्लीच्या काठावर चढला, शिंपी, फोटोग्राफर आणि आणखी एकाबरोबर त्याने कपाटाचा चौथा कोपरा खांद्यावर घेतला. ढोलवाल्याने त्यांच्यासाठी ठेका जरा संथ केला. कपाट हलत डुलत उतरलं, तळावर आलं, नालीच्या पाण्यात मेहुण्याचा पाय पडला, तोल गेला, सावरला. तो पुढे चालत राहिला. खिडकीतून त्याची आई विणणं थांबवून बघत होती.

बटणसाहेब काठावरून त्याच्या पावलांवर नजर ठेवून होते. पाऊल ढोलाच्या किंचित मागे पडत होतं, आणि उजवा खांदा उगाच वर होता. त्यांनी मान हलवली.

"नापास," ते म्हणाले. "उद्या सकाळी लवकर या."